सत्तर ते चौऱ्याहत्तर

१९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या डॅलस शहरात, टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत पीटर स्टॅस्टनी नावाचे संशोधक एक चाचणी करत होते. दोन परक्या माणसांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, एका नळीत काही दिवस एकत्र ठेवल्या की त्या एकमेकींना परकं ठरवतात आणि भराभर दुभंगत वाढू लागतात. नळीत किरणोत्सारी थायमिडीन घातलं, की ही वाढ मोजता येते. मूत्रपिंड कुणाचं कुणाला चालेल हे ताडण्यासाठी तेव्हा ही चाचणी वापरात होती. स्टॅस्टनी यांनी नळीत दोन्ही बाजूंनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात त्या आजाराचे रुग्ण घेतले. ते एकमेकांच्या नात्यातले नव्हते. तरीही कितीतरी जोड्यांमध्ये पेशी थंडच राहिल्या, एकमेकींना परकं मानायला तयार होईनात. या अनोळखी माणसांच्या पेशींवर काहीतरी सारखं होतं. १९७६ साली हा निष्कर्ष छापून आला.

हा आजार ज्यांनी घरात पाहिला आहे त्यांना त्याचं वर्णन नको. सकाळी कणीक मळायला घेतलेल्या बाईची बोटं वळत नाहीत, तास-दोन तास जातात तेव्हा कुठे मूठ मिटते. दोन्ही हातांचे छोटे सांधे एकाच वेळी सुजतात. उपचार मिळाला नाही तर शरीराचीच प्रतिकारशक्ती सांध्याचं अस्तर सुजवून कूर्चा आणि हाड खाते, आणि बोटं कायमची तिरपी होतात. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन-तीनपट अधिक होतो. १८०० साली पॅरिसमध्ये ऑगस्तँ लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात त्याचं वेगळेपण मांडलं, तेव्हा त्याच्यासमोर सालपेत्रिएर रुग्णालयातल्या नऊ रुग्ण होत्या, सगळ्या स्त्रिया. गाउट हा त्या काळी खाऊनपिऊन सुखी पुरुषांचा आजार मानला जाई. या गरीब बायकांना तो कसा होईल, हा त्याचा प्रश्न होता.

आजाराला आजचं नाव मिळालं १८५९ मध्ये, लंडनच्या आल्फ्रेड बॅरिंग गॅरड यांच्याकडून. गॅरड यांची परीक्षा फार साधी होती. रुग्णाच्या रक्तातला द्रव पसरट काचेच्या भांड्यात घ्यायचा, त्यात अ‍ॅसेटिक आम्ल टाकायचं, एक धागा सोडायचा आणि वाट पाहायची. गाउट असेल तर धाग्यावर युरिक आम्लाचे स्फटिक चढतात. या दुसऱ्या सांधेदुखीत धागा कोरा राहायचा. म्हणजे हा आजार निराळा.

गॅरड यांचा मुलगा आर्चिबाल्ड हाही डॉक्टर झाला. १८९० मध्ये त्याने वडिलांनी नाव दिलेल्या याच आजारावर ग्रंथ लिहिला, पण इतिहासात त्याचं नाव राहिलं ते दुसऱ्याच कामामुळे. लघवी काळी पडण्याचा अल्काप्टोन्युरिया हा दुर्मीळ विकार चुलत-मावस भावंडांच्या लग्नांतून झालेल्या मुलांत जास्त दिसतो, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि १९०२ साली त्याने मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम माणसाच्या आजाराला लावून दाखवले. चेहरे जसे एकसारखे नसतात तशी माणसांची रासायनिक घडणही एकसारखी नसते, आणि एखादा आजार एकाला धरतो व दुसऱ्याला सोडतो याचं मूळ बहुधा त्या घडणीत असावं, हा विचार त्याने आयुष्यभर जपला. १९३१ च्या शेवटच्या पुस्तकात त्याने तो विस्ताराने मांडला. बापाने आजार ओळखला आणि मुलाने त्या आजाराचं कोडं ज्या कल्पनेने पुढे सुटायचं होतं ती कल्पना दिली. मात्र या दोन गोष्टींची गाठ पडायला आणखी अर्धं शतक जावं लागलं. वैद्यकाच्या इतिहासातल्या मला भावलेल्या पितापुत्रांच्या जोड्यांमध्ये ही जोडी फार वर आहे.

मधल्या काळात जे घडलं त्याचं श्रेय रक्तपेढ्यांना आणि लेकुरवाळ्या बायकांना द्यायला हवं. पुन्हा पुन्हा रक्त घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात इतरांच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या करणारी प्रतिद्रव्यं तयार होतात, हे पॅरिसच्या जाँ दोसे यांनी पाहिलं, आणि १९५८ मध्ये माणसाच्या पेशींवरची पहिली अशी खूण वर्णन केली. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये योन व्हान रोड आणि अमेरिकेत रोझ पेन यांना तशीच प्रतिद्रव्यं अनेक बाळंतपणं झालेल्या स्त्रियांच्या रक्तात सापडली. पोटातल्या बाळाच्या पेशींवर बापाकडून आलेल्या खुणा असतात. आईचं शरीर त्या परक्या खुणा ओळखतं आणि लक्षात ठेवतं. पुढची कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांनी या खुणा ओळखल्या त्या अशा आयांच्या रक्तद्रवाच्या आधारे. या खुणांच्या कुळाला एचएलए म्हणतात. त्यांचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना खेटून बसलेले आहेत. दोसे यांना १९८० चं नोबेल मिळालं. त्या आयांची नावं कुठल्याही शोधनिबंधात नाहीत.

१९७३ मध्ये पाठीचा कणा ताठ करणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचं बी-२७ या खुणेशी घट्ट नातं सापडलं आणि संधिवाताच्या डॉक्टरांमध्ये खळबळ उडाली. मग आमवाताची खूण कोणती? एचएलएच्या ए आणि बी या कुळांमध्ये शोध घेतला, हाती काही लागलं नाही. स्टॅस्टनी यांच्या थंड नळ्यांचं महत्त्व इथे आहे. नळीत पेशींना चिथावणाऱ्या खुणा ए-बीच्या नसतात, त्या निराळ्या असतात आणि बी-लिम्फोसाइटवर दिसतात. त्यांना डीआर हे नाव मिळालं. १९७८ मध्ये स्टॅस्टनी यांनी आकडे दिले : डीआर-४ ही खूण आमवाताच्या ७० टक्के रुग्णांमध्ये होती, निरोगी माणसांमध्ये २८ टक्के.

पण या आकड्यांमध्येच दोन अडचणी होत्या. तीस टक्के रुग्णांकडे डीआर-४ नव्हती, तरी त्यांचे सांधे झिजत होते. उलट, निरोगी माणसांपैकी चौथा हिस्सा तरी ती बाळगून मजेत हिंडत होता.

आणि मग न जुळणारे पाहुणे येऊ लागले. १९८१ मध्ये निकोल आणि वुड्रो यांनी ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या रुग्णांचं रक्त तपासलं, तर तिथे संबंध दिसला डीआर-१ शी. पुढच्याच वर्षी इस्रायलमधल्या ज्यू रुग्णांमध्येही डीआर-१ पुढे आली. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधून नरिंदर मेहरा, ए. एन. मालवीय आणि सहकाऱ्यांनी उत्तर भारतीय रुग्णांचे निष्कर्ष छापले, त्यात पुन्हा डीआर-४ होती. सिद्धांताला अपवाद सापडले की ते तळटीपेत ढकलायचे, ही विज्ञानातलीही जुनी खोड आहे. ‘त्या लोकांचा आजार वेगळा असेल’ एवढं म्हणून विषय मिटवता आला असता. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं मर्म हेच आहे, की काही जणांनी तसं केलं नाही. सिद्धांत पुढे सरकला तो दर वेळी न जुळणाऱ्या माणसांमुळे.

दरम्यान डीआर-४ ही एकच वस्तू नाही, हेही कळत गेलं होतं. आयांच्या रक्तद्रवाला जी एक वाटत होती, ती जनुकाची अक्षरं वाचल्यावर अनेक पोटजातींची निघाली. त्यांतल्या काही आमवाताच्या, तर डीडब्ल्यू-१० नावाची एक पोटजात आमवाताशी काही देणंघेणं नसलेली. ज्यूंमध्ये डीआर-४ असते, पण ती बहुतेक हीच. म्हणून इस्रायलमध्ये डीआर-४ चा संबंध दिसत नव्हता!

१९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या पीटर ग्रेगर्सन, जॅक सिल्व्हर आणि रॉबर्ट विंचेस्टर यांनी हे सगळे तुकडे शेजारी मांडले. डीआर रेणूची बीटा नावाची साखळी अमिनो आम्लांची बनलेली असते. आमवाताशी नातं असलेल्या सगळ्या जातींच्या साखळ्या त्यांनी ताडून पाहिल्या. बाकी ठिकाणी फरकच फरक होते, पण एक छोटा टप्पा, सत्तर ते चौऱ्याहत्तर क्रमांकाच्या पाच अमिनो आम्लांचा, सगळ्यांत जवळपास तोच होता : ग्लुटामिन, मग लायसिन किंवा अर्जिनिन, मग अर्जिनिन, अ‍ॅलॅनिन, अ‍ॅलॅनिन. आडनावं वेगळी, पण कुलदैवत एक, असा हा प्रकार. डीडब्ल्यू-१० मध्ये मात्र याच जागी पहिली दोन अमिनो आम्लं बदललेली होती, विद्युतभार उलटा झाला होता, आणि तेवढ्याने धोका नाहीसा झाला होता. रुग्णांमधलं साम्य खुणेच्या नावात नव्हतं, या पाच अक्षरांत होतं. या कल्पनेला शेअर्ड एपिटोप म्हणतात.

चांगल्या कल्पनेची परीक्षा अनोळखी मुलखात होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा या मूळनिवासी लोकांमध्ये आमवात आढळत होता, पण त्यांच्या रुग्णांत डीआर-४ नव्हे, डीडब्ल्यू-१६ नावाची भलतीच जात होती. १९९१ मध्ये विल्केन्स आणि नेपॉम यांच्या गटाने दाखवलं, की सत्तर ते चौऱ्याहत्तरमध्ये तिथेही तीच अक्षरं आहेत. १९९६ मध्ये एम्सच्या वीणा तनेजा, मेहरा आणि सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांमध्ये दोन जाती ठळकपणे दाखवल्या, त्यांतली एक डीआर-१० ची. तिच्यातही या टप्प्याचंच एक रूप आहे.

अक्षरं सापडली, पण ती करतात काय? डीआर रेणूला वरच्या अंगाला एक खाच असते. पेशी प्रथिनांचे तुकडे करून एकेक तुकडा या खाचेत बसवते आणि टी-पेशींना दाखवते. आपलं-परकं याचा निवाडा तिथे होतो. सत्तर ते चौऱ्याहत्तर क्रमांकाची अमिनो आम्लं या खाचेच्या काठाला आहेत आणि त्यांनी तिथल्या एका कप्प्याला धनभार दिलेला आहे. त्या कप्प्यात कोणता तुकडा नीट बसतो, हा पुढचा प्रश्न होता. त्याचं उत्तर अगदी वेगळ्या वाटेने आलं.

१९६४ मध्ये नेदरलँड्सच्या निएनहाउस आणि मान्देमा यांनी पाहिलं होतं, की आमवाताच्या रुग्णांच्या रक्तातली काही प्रतिद्रव्यं माणसाच्या गालाच्या आतल्या पेशींतल्या कणांना चिकटतात. शोध मोलाचा होता, चाचणी मात्र फार त्रासाची, कारण कुणाच्याही गालाच्या पेशी चालत नसत, ठरावीक माणसांच्याच लागत. म्हणून ती बाजूला पडली. फ्रान्समधल्या तुलूझच्या गटाने नव्वदच्या दशकात या प्रतिद्रव्यांचं लक्ष्य फिलाग्रिन हे प्रथिन असल्याचं शोधलं. १९९८ मध्ये नायमेखनच्या स्केलेकेन्स, व्हान व्हेनरोय आणि सहकाऱ्यांनी नेमकं बोट ठेवलं : ही प्रतिद्रव्यं फिलाग्रिनमध्ये अर्जिनिनच्या जागी सिट्रुलिन झालेलं असेल तरच त्याला धरतात. अर्जिनिनवर धनभार असतो. शरीरातली पीएडी नावाची विकरं तो काढून टाकतात आणि अर्जिनिनचं सिट्रुलिन होतं. दाह होतो तिथे हा बदल फार घडतो.

आता दोन्ही वाटा एकमेकींना मिळाल्या. खाचेच्या धनभारित कप्प्यात धनभारित अर्जिनिन बसत नाही, ढकललं जातं. भार गेलेलं सिट्रुलिन मात्र सहज बसतं. २००३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हे प्रयोगाने दाखवलं, आणि दहा वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या गटाने रेणूंच्या स्फटिकांचं क्ष-किरणांनी चित्र काढून ते डोळ्यांसमोर आणलं. म्हणजे ज्याच्याकडे ती पाच अक्षरं आहेत, त्याच्या पेशी सिट्रुलिन झालेले स्वतःचेच तुकडे टी-पेशींना जास्त जोराने दाखवतात. सिट्रुलिनविरोधी प्रतिद्रव्यांची तपासणी, अँटी-सीसीपी, आज तालुक्याच्या गावातली लॅबसुद्धा रक्त घेऊन पुढे पाठवते. चौतीस वर्षं अडगळीत पडलेल्या गालाच्या पेशींच्या चाचणीची ती नात आहे.

तरीही अक्षरं असणं म्हणजे आजार होणं नव्हे, आणि हे सर्वांत स्पष्ट कळलं ते जुळ्यांकडून. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅलन सिलमन आणि सहकाऱ्यांनी जुळ्यांच्या जोड्या पाहिल्या. एकरूप जुळ्यांपैकी एकाला आमवात असेल, तर दुसऱ्यालाही तो असण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्के निघालं. भिन्न जुळ्यांमध्ये ४ टक्क्यांच्या आत. चारपट फरक आहे, त्यामुळे आनुवंशिकता खरी. पण एकरूप जुळ्यांमध्ये जनुकांचं अक्षरन्‌अक्षर सारखं असूनही शंभरातल्या पंचाऐंशी जोड्यांत दुसरं भावंड सुटलं होतं. आईला आमवात म्हणून लेकीच्या लग्नाच्या वेळी तोंडं वाकडी करणाऱ्यांना हा आकडा कुणीतरी ठणकावून सांगायला हवा.

ठिणगी कुठून पडते याचा मोठा धागा स्वीडनमध्ये सापडला. २००६ मध्ये स्टॉकहोमच्या लार्स क्लारेस्कोग यांच्या गटाने दाखवलं, की जो धूम्रपान करतो आणि ज्याला आई-बाप दोघांकडून ती पाच अक्षरं मिळाली आहेत, त्याला सिट्रुलिनविरोधी आमवाताचा धोका एकवीसपट असतो. तुलना अर्थात धूम्रपान न करणाऱ्या आणि अक्षरं नसलेल्या माणसाशी. धुराने फुप्फुसात सिट्रुलिन वाढतं, हेही त्यांना दिसलं. सांध्यांचा आजार फुप्फुसात सुरू होत असावा, ही कल्पना तेव्हा धक्कादायक होती. आज ती बरीच रुळली आहे.

आपल्याकडच्या आमवाताच्या रुग्ण बायकांपैकी फारच थोड्या कधी सिगारेट ओढतात. मग त्यांच्या फुप्फुसात काय जातं? २०१६ मध्ये मलेशियातल्या एका अभ्यासात कापडाच्या धुळीत काम केलेल्या स्त्रियांना आमवाताचा धोका जवळपास तिप्पट दिसला, आणि ज्यांच्याकडे ती अक्षरंही होती त्यांना तर कित्येक पटींनी जास्त. हे वाचताना मला इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव आठवल्याशिवाय राहिलं नाही. चुलीचा धूर तर घरोघरी होता. हे प्रश्न इथल्या घरांत आणि इथल्या मागांवर जाऊनच सुटतील, स्वीडनची उत्तरं उसनी आणून नाहीत.

कारण उसनी उत्तरं चालत नाहीत, हे नव्या शतकाने पुन्हा दाखवलं. २००३ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतल्या सुझुकी, यामामोतो आणि सहकाऱ्यांना एचएलएच्या बाहेरचा एक जनुक सापडला, पीएडीआय-४, म्हणजे तेच अर्जिनिनचं सिट्रुलिन करणारं विकर बनवणारा. युरोपात त्याचा संबंध फिका निघाला. २००४ मध्ये अमेरिकेत अ‍ॅन बेगोविच, ग्रेगर्सन आणि सहकाऱ्यांना पीटीपीएन-२२ या जनुकातला एका अक्षराचा बदल सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये एचएलएनंतर सर्वांत वजनदार तोच. पण जपान्यांमध्ये तो बदल जवळजवळ नाहीच, आणि उत्तर भारतीयांमध्येही अतिशय विरळ. दिल्ली विद्यापीठाच्या बी. के. थेल्मा यांच्या गटाने युरोपीय यादी भारतीय रुग्णांवर ताडून पाहिली, तेव्हा तिच्यातल्या थोड्याच गोष्टी इथे टिकल्या. मग २०१३ मध्ये त्यांनी स्वतंत्रपणे संपूर्ण जनुकसंच चाळला आणि एआरएल-१५ हा नवा जनुक पुढे आणला.

न्यूयॉर्कच्या त्या पाच अक्षरांनाही दुरुस्ती सोसावी लागली. २०१२ मध्ये सौम्या रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी पाच हजार रुग्ण आणि पंधरा हजार निरोगी माणसांची अक्षरं ताडून दाखवलं, की ७१ आणि ७४ खरे आहेतच, पण ११ व्या जागेचं वजन त्याहून मोठं आहे. तीही त्याच खाचेत, तळाशी. २०१४ मध्ये युकिनोरी ओकाडा आणि इतर अनेकांनी युरोपीय आणि आशियाई मिळून एक लाखावर माणसांची माहिती एकत्र केली; आमवाताशी नातं असलेल्या जागा १०१ झाल्या. त्या आशियात मुख्यत्वे पूर्व आशिया होता. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर जाऊन सुमारे चार हजार प्रौढांची पाहणी केली, तेव्हा आमवाताचं प्रमाण अर्धा टक्का निघालं होतं, जवळपास युरोपाएवढंच. आजार इतकाच असताना जनुकांच्या यादीत आपण इतके कमी का, याचं उत्तर आपल्या विद्यापीठांनी आणि पैसा देणाऱ्यांनी द्यायचं आहे.

सांधे सुजण्याआधीच आजार गाठता येईल का, हा प्रश्न आता प्रयोगापर्यंत आला आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले अँड्र्यू कोप आणि सहकाऱ्यांनी ज्यांच्या रक्तात सिट्रुलिनविरोधी प्रतिद्रव्यं आहेत, सांधे दुखतात पण सुजलेले नाहीत, अशी २१३ माणसं निवडली. निम्म्यांना वर्षभर अ‍ॅबाटासेप्ट दिलं, निम्म्यांना नुसती नक्कल. खाचेतला तुकडा पाहून टी-पेशी पेटते तेव्हा तिला लागणारा दुसरा इशारा हे औषध अडवतं. २०२४ मध्ये निकाल छापले गेले : वर्षाअखेर औषध घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांना आमवात झाला होता, न घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना. औषध थांबवल्यावर आणखी एका वर्षाने आकडे होते २५ आणि ३७.